जुन्या जीपला डिस्क ब्रेक : बसवावेत काय, आणि कसे?



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, बेणे, खते आणि पाणी याविषयी लिहितो. यावेळी विषय जरा वेगळा आहे. आपल्या कार्यक्षेत्रात अनेक सभासदांकडे जुन्या जीपगाड्या आहेत. बेणे आणायला, खताची पोती न्यायला, तोडणीच्या फडावर मजुरांचा शिधा पोचवायला आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात जायला तीच गाडी. इंजिन काम देते, चॅसी दणकट आहे, गाडी विकायला मन होत नाही. पण ब्रेकच्या बाबतीत गट ऑफिसात हमखास एक प्रश्न येतो : "साहेब, जुने ड्रम काढून पुढं डिस्क बसवली तर चालेल का?"

या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. आम्ही काही मोटार इंजिनिअर नव्हे. परंतु शेतावरच्या गाड्यांशी रोजचा संबंध येतो, वर्कशॉपातील फिटर मंडळींशी विचारविनिमय होतो आणि हंगामात रस्त्यावर काय प्रसंग ओढवतात हेही दिसते. त्या आधारे ही माहिती देत आहोत.

ब्रेक म्हणजे मुळात काय?

धावत्या गाडीत जी शक्ती साठलेली असते तिची घर्षणाने उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची, एवढेच ब्रेकचे काम. वेग दुप्पट झाला की ही शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. माणसे आणि माल धरून दीड टन वजनाची जीप घ्या. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना जेवढी उष्णता ब्रेकला पचवावी लागते, त्याच्या सव्वादोन पट ताशी ६० च्या वेगाला पचवावी लागते. कोरड्या रस्त्यावर बेताचा ब्रेक मारला तर ४० च्या वेगाला गाडी साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबेल, ६० च्या वेगाला २८ मीटर लागतील. यात माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर धरलेले नाही. तो एक सेकंद धरला तर आणखी अनुक्रमे ११ आणि १७ मीटर वाढवा. पुढे विनादिव्याची उसाची ट्रॉली उभी असेल तर एवढे अंतर मिळते का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पायाचा जोर चाकापर्यंत पोचवण्याचे काम ब्रेक ऑईल करते. आपल्या मिलमध्ये वरच्या रोलरवर तेलाच्या दाबाने भार देतात, तेच तत्त्व येथे आहे. कोंडलेल्या तेलावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. पेडलखालचा मास्टर सिलिंडर दाब निर्माण करतो आणि चाकातले सिलिंडर तो दाब वापरतात.

ड्रम ब्रेकची रीत

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी घमेले. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात, त्यांवर लायनर. जुन्या जीपमध्ये वरच्या बाजूला एक सिलिंडर असतो आणि शूंची खालची टोके पिनांवर बसवलेली असतात. ब्रेक मारला की सिलिंडर दोन्ही शूंना बाहेर ढकलतो आणि लायनर ड्रमच्या आतल्या अंगाला घासतो.

यात एक गंमत आहे. पुढच्या शूला फिरता ड्रम स्वतःच ओढून घेतो आणि तो अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे आपल्या पायाला ड्रमची फुकटची मदत मिळते. त्यामुळेच बूस्टर नसतानाही जुनी जीप थांबते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

ड्रमचे दोष तीन. पहिला उष्णतेचा. घाट उतरताना वारंवार ब्रेक मारला की ड्रम तापतो, फुगतो आणि शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जाऊ लागते. त्यातच लायनर तापून गुळगुळीत होतो आणि पाय दाबला तरी ब्रेक लागेना अशी स्थिती येते. आंबा घाट किंवा फोंडा घाट जुन्या गाडीने उतरलेल्या सभासदांना हे सांगायला नको. दुसरा दोष पाण्याचा. ओढ्यातून किंवा पाटातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते, ते लवकर निघत नाही, आणि पुढचे काही ब्रेक नुसते घसरतात. काळ्या रानातला चिखल आत गेला तर तो तिथेच वाळून बसतो. तिसरा दोष समतोलाचा. एका चाकाचा शू नीट लावलेला आणि दुसऱ्याचा ढिला असला की गाडी एका बाजूला ओढते.

डिस्कची रीत

डिस्क समजायला सायकल पाहावी. सायकलच्या रिमला दोन्ही बाजूंनी रबरी गुटके चिमटा घेतात. डिस्क ब्रेकमध्ये रिमच्या जागी हबवर बसवलेली लोखंडी थाळी असते, गुटक्यांच्या जागी पॅड आणि चिमट्याच्या जागी कॅलिपर. थाळी उघडी फिरते म्हणून तिला वारा लागतो आणि ती लवकर थंड होते. तापून फुगली तरी ती पॅडच्या दिशेने जाड होते, लांब जात नाही. पाणी आणि चिखल फिरण्याच्या वेगाने फेकला जातो, उरलेले पॅड पुसून काढतात. पॅड झिजले तरी पिस्टन आपोआप पुढे सरकतो, शू लावून घ्यायची कटकट नाही.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली आणि मग जगाचे लक्ष तिकडे वळले. आपल्याकडे १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीला पुढे डिस्क, मागे ड्रम अशीच रचना होती, आणि २०१० साली आलेल्या थारलाही. आपल्यापैकी अनेकांच्या ट्रॅक्टरला जे 'ऑईल ब्रेक' असतात, त्यातही तेलात बुडालेल्या थाळ्याच असतात. म्हणजे डिस्क आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

पण डिस्कचेही दोष आहेत. फुफाट्यातली आणि वाळूची कचकच पॅड लवकर खाते. थाळी आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकला तर कर्कश आवाज येतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे ड्रमची ती फुकटची मदत डिस्कला नाही. थाळी पॅडला ओढून घेत नाही. सगळा जोर पायाने, नाहीतर बूस्टरने द्यावा लागतो.

आधी असलेले ब्रेक नीट करा

डिस्क बसवायला निघालेल्या दहा गाड्या तपासल्या तर त्यातल्या बऱ्याचशा गाड्यांचा रोग दुसराच निघतो. लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेला असतो. ड्रमला कड पडलेली असते किंवा तो लंबगोल झालेला असतो. व्हील सिलिंडर गंजून अडकलेला असतो. मागच्या एक्सलचे ऑईल सील गळून लायनर तेलकट झालेला असतो. ब्रेक ऑईल काळे पडलेले असते. हे सारे दुरुस्त करून शू नीट लावले तर थंड असलेला ड्रम ब्रेकही चाक जाम करू शकतो. चाक जाम झाले म्हणजे त्यापुढे ब्रेकचे काही चालत नाही, सगळे टायरच्या पकडीवर असते.

म्हणून हे स्पष्ट सांगतो. सपाट रस्त्यावर पहिल्याच ब्रेकला गाडी निम्म्या अंतरात थांबेल या आशेने डिस्क बसवू नये. तसे होत नाही. डिस्कचा खरा फायदा घाटात, पावसात, चिखलात आणि वारंवार ब्रेक मारावा लागतो तेथे आहे. ज्यांची जीप गाव, शेत आणि कारखाना एवढीच फिरते, त्यांनी ड्रम लेथवर घेऊन, नवे लायनर, नवे सिलिंडर आणि चांगले टायर टाकले तर थोड्या पैशात काम भागेल. ज्यांची गाडी नेहमी घाट उतरते, ओढे ओलांडते किंवा भरून चालते, त्यांनी डिस्कचा विचार करावा.

लायनर काढताना एक काळजी घ्यावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम फुंकू नये. आधी पाणी मारून ओल्या फडक्याने पुसावा आणि ते फडके टाकून द्यावे. पोरांना जवळ उभे करू नये.

बदल करायचा तर काय काय बदलावे लागते?

येथेच बहुतेकांची फसगत होते. थाळी आणि कॅलिपर बसवले की झाले, असे समजून काम केले जाते. प्रत्यक्षात ब्रेक ही एक साखळी आहे. एक कडी बदलली की बाकीच्या कड्याही जुळवाव्या लागतात.

(१) हब आणि नकल : पुढच्या चाकाची थाळी हबवर बसते, कॅलिपर नकलवर. नव्या गाडीचे भाग जुन्या गाडीला बसतातच असे नाही. विलीसच्या जातीच्या जुन्या जीपचे चाक साडेपाच इंच वर्तुळावर पाच बोल्टांचे आहे. पण बोल्ट जुळले म्हणजे बेअरिंग आणि नकल जुळले असे नव्हे. माल विकत घेण्यापूर्वी मापे घ्यावीत. कॅलिपरसाठी नकलला ब्रॅकेट वेल्डिंग करणे हा प्रकार अजिबात करू नये. ब्रॅकेट जाड पोलादाचे, मशीनवर तयार केलेले आणि चांगल्या प्रतीच्या हायटेन्साईल बोल्टांनीच बसवलेले असावे. ब्रेक मारताना सगळा झटका तेथेच येतो.

(२) रिम : कॅलिपर ड्रमपेक्षा जागा जास्त घेतो. चाक बसवून हाताने फिरवून पाहावे. रिम कॅलिपरला घासत असेल तर कॅलिपर तासू नये, रिम बदलावी.

(३) मास्टर सिलिंडर : जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर फळीखाली, चॅसीला लागून असतो आणि चारही चाकांना एकच तेलाची वाट असते. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. डिस्क बसवा अथवा न बसवा, दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवणे ही आमच्या मते पहिली सुधारणा. पुढची वाट गेली तरी मागची शिल्लक राहते. शिवाय चाकातल्या सिलिंडरपेक्षा कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. पॅड झिजत जातात तशी ती जागा भरायला तेलही जास्त लागते. त्यामुळे टाकी मोठी हवी आणि मास्टरचे माप कॅलिपरशी जुळणारे हवे. मास्टर लहान पडला तर पेडल फळीला टेकते, फार मोठा घेतला तर पेडल दगडासारखे घट्ट लागते.

(४) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह : ड्रमच्या वाटेत पाय काढल्यावरही चौरस इंचाला सुमारे १० पौंड दाब राहावा अशी सोय जुन्या मास्टरमध्ये असते. डिस्कला हाच दाब राहिला तर पॅड थाळीला सतत घासत राहतात, चाक तापते, डिझेल जास्त जाते आणि पॅड महिन्यात संपतात. म्हणून डिस्कच्या वाटेत तो व्हॉल्व्ह नसावा. मात्र मास्टर फळीखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर तेल मागे उतरू नये म्हणून सुमारे २ पौंडांचा व्हॉल्व्ह लागतो. गॅरेजवाल्याला हा प्रश्न जरूर विचारावा. त्याला उत्तर देता आले नाही तर काम दुसरीकडे द्यावे.

(५) बूस्टर : ड्रमची मदत गेली, ती भरून काढायला व्हॅक्यूम बूस्टर लागतो. पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना व्हॅक्यूम देते. डिझेल इंजिन तसा देत नाही, त्याला वेगळा पंप लागतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. पंप न घालता नुसता बूस्टर बसवलेली डिझेल जीप म्हणजे मोटर न जोडता विहिरीवर ठेवलेला पंपच.

(६) पुढचा-मागचा तोल : ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे येते आणि मागची चाके हलकी होतात. मागचे ड्रम आधी जाम झाले तर गाडी मागून फिरते. जुन्या आखूड जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अवघे ८० इंच. ती फिरायला वेळ लागत नाही. यासाठी मागच्या वाटेत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घालतात. मोकळ्या मैदानावर, कमी वेगाने, ओल्या जमिनीवर पाहावे : पुढची चाके मागच्यांच्या आधी जाम झाली पाहिजेत.

(७) नळ्या : लोखंडी नळ्या ब्रेकसाठीच तयार केलेल्या असाव्यात, तांब्याचा पाईप वापरू नये. रबरी होज स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि चाक खड्ड्यात उतरवून पाहावे. होज ताणता कामा नये आणि टायरला घासता कामा नये.

मागचे ड्रम आणि हँडब्रेक तसेच ठेवावेत. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसून गिअरमागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो उभ्या गाडीसाठी आहे. धावत्या गाडीत झटक्याने ओढला तर शाफ्ट आणि क्रॉसवर मोठा ताण येतो.

ब्रेक ऑईलविषयी

ब्रेक ऑईल हवेतले पाणी ओढून घेते. कोरडे डॉट ३ ऑईल २०५ अंशाला उकळते, पाणी शिरले की १४० अंशांलाच उकळू लागते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ऑईल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मोकळे खाली जाते. तेव्हा दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे. पावसाळ्यापूर्वी बदलले तर उत्तम. डबा उघडा ठेवू नये, महिनोन् महिने पडलेले अर्धे ऑईल वापरू नये. ब्रेकमध्ये इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिक ऑईल चुकूनही घालू नये. त्याने आतले सगळे रबर फुगते आणि ब्रेक अडकतो.

एअर काढताना मास्टरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावे. नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मधे मधे थंड होऊ देत वीस-पंचवीस वेळा मध्यम ब्रेक मारावा, म्हणजे ते बसतात. थाळीच्या कडेवर तिची किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली थाळी लेथवर घेऊ नये, बदलावी.

न्यूट्रलची सवय

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची, काहीजण तर इंजिनच बंद करण्याची सवय आपल्या भागात आहे. बूस्टर बसवल्यावर ही सवय जिवावर बेतू शकते. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद. साठ्यावर दोन-तीन ब्रेक लागतील, त्यानंतर पेडल भिंतीसारखे घट्ट होईल, आणि त्याच वेळी वळण आलेले असेल. ज्या गिअरमध्ये घाट चढता येईल त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिन हाच पहिला ब्रेक, पायाखालचा दुसरा. वाचलेल्या चार घोट डिझेलची किंमत गाडीत बसलेल्या माणसांपुढे काय आहे?

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलाबद्दल पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम करण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, नंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा तपासणीत अडचण येऊ नये. विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर "आम्हाला सांगितले नव्हते" असे ऐकण्याची पाळी येऊ नये.

तात्पर्य

पैसा खर्च करण्याचा क्रम असा ठेवावा. आधी टायर, मग असलेल्या ब्रेकची पूर्ण दुरुस्ती आणि नवे ऑईल, मग दोन वाटांचा मास्टर सिलिंडर. एवढे करूनही घाटात ब्रेक कमी पडत असतील तर परवानगी घेऊन, वरची सातही कामे एकत्र करून पुढे डिस्क बसवावी. अर्धी डिस्क बसवण्यापेक्षा पूर्ण ड्रम बरा. खोडव्याला खत दिले आणि पाणी दिले नाही तर खत वाया जाते, तसेच हे आहे.

पट्टा पडण्यापूर्वी आपली गाडी एकदा जॅकवर घ्या. चारही चाके हाताने फिरवून पाहा, नळ्यांवर ओल दिसते का ते पाहा, पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे असे समजावे आणि गाडी रस्त्यावर काढू नये. हंगामात रस्त्यावर बैलगाड्या असतात, ट्रॉल्या असतात, तोडणी मजुरांची लहान मुले असतात. आपली गाडी वेळेवर थांबली पाहिजे, ती त्यांच्यासाठीही.

आपला,
ऊस विकास अधिकारी